बर्फाचं पान सांभाळणारी रूना

कॅनडातल्या विनिपेग सरोवराकाठच्या सँडविक गावात रूना एयोल्फसनचा चेहरा न पाहिलेली माणसं होती, पण तिचा आवाज न ऐकलेलं कुणी नव्हतं. ऐन तारुण्यात ती गावच्या टेलिफोन एक्स्चेंजवर बसू लागली. किराणा दुकानामागची खोली, समोर भोकाभोकांचा बोर्ड, कानावर हेडफोन आणि हातात वायरींचा गुंता. बोर्डावर दिवा लागला की ती वायर खोचायची आणि म्हणायची, "बोला, कोण हवंय?" एवढंच, पण ते अशा काही खालच्या, ठाम पट्टीत की पलीकडचा घाबरलेला माणूस निम्मा तिथेच सावरायचा. रंगमंचावर पहिलं वाक्य कसं टाकावं हे काही जणांना जन्मभर जमत नाही. रूनाला ते उपजत येत होतं, फक्त तिचे प्रेक्षक तिला कधी दिसले नाहीत.

विनिपेग सरोवर गोठलं की तिला माणसांपेक्षा बर्फाबद्दलच जास्त विचारणा व्हायची. "रूना, पेलिकन बेटापर्यंत गाडी जाईल का गं?" सरोवरावरून परतलेल्या मासेमारांना तिने आधीच विचारून ठेवलेलं असायचं. "दीपगृहापाशी भेग पडलीय. आज घरीच थांबा, कॉफी प्या," असं ती सांगायची आणि लोक खरंच थांबायचे.

मग नंबर आपोआप जोडणारी यंत्रं आली आणि एक्स्चेंज बंद झालं. गावाने तिला सभागृहात निरोप दिला, सुक्या आलुबुखाराच्या सारणाचा थराथरांचा विनार्टेर्टा केक कापला, बाया रडल्या. त्याच हिवाळ्यात एक ट्रक भेगेत गेला. ड्रायव्हर वाचला, पण त्याच्या पायाची बोटं कापावी लागली. तो विचारणार तरी कुणाला होता? नवं यंत्र नंबर जोडून देत होतं, बर्फाचं काही सांगत नव्हतं. रूना पालिकेच्या कचेरीत कारकून झाली, लग्न झालं, नवरा गेला, केस पांढरे झाले, पण तो ट्रक तिच्या मनात तसाच अर्धा बुडालेला उभा राहिला.

म्हणून कचेरीत कॉम्प्युटर आला आणि बाकीचे त्याच्यापासून हातभर लांब उभे राहिले, तेव्हा रूना मात्र खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. वाचनालयातून जाडजूड पुस्तकं आणली. बोटाने ओळी धरून वाचली. दोन हिवाळ्यांनंतर गावाच्या वेबसाइटवर तिचं 'बर्फाचं पान' झळकलं.

पानाची रीत साधी होती. बाल्डुर नावाचा म्हातारा मासेमार, रूनाच्याच वर्गातला, रोज पहाटे बेटाच्या रस्त्यावर ठिकठिकाणी बर्फाला भोकं पाडून जाडी मोजायचा. मग मासळीच्या शेडमधल्या कॉम्प्युटरवरून तो ती मापं पानावरच्या रकान्यांत भरायचा आणि शेवटी रस्ता खुला की बंद ते निवडायचा. रूनाने लिहिलेला छोटा प्रोग्राम ते सगळं एका फाइलीत उतरवून ठेवायचा. पान त्या फाइलीतूनच वाचायचं आणि वरती पट्टी रंगवायचं. हिरवी म्हणजे जा, लाल म्हणजे थांबा.

काठावरचे आणि बेटावरचे सगळे ती पट्टी बघून घराबाहेर पडायचे. सर्वांत नेमाने बघायचा तो आंब्रोज बुशी. तो बेटावरच्या दवाखान्याची व्हॅन चालवायचा. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसांना आठवड्यातून तीनदा सरोवर ओलांडून रक्त शुद्ध करणाऱ्या मशीनकडे घेऊन जायचं आणि संध्याकाळी परत आणायचं. त्या हिवाळ्यात त्याच्या व्हॅनमध्ये दोन म्हातारी माणसं असायची: फिलोमीन आजी आणि तिचा दीर.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्याच्या आदल्या दुपारी पानाने हट्ट धरला होता. परवाचीच मापं दाखवत बसलं, पुढे सरकेना. रूनाने विनिपेगच्या ज्या कंपनीच्या सर्व्हरवर गावाची वेबसाइट ठेवलेली होती तिथे फोन लावला. कर्टिस नावाचा तरुण बोलला.

"मॅडम, फाइल बिघडलेली दिसतेय. तुम्ही ती काढून टाका. मी इथून तुमचा प्रोग्राम एकदा चालवून बघतो. मापं सांगा."

रूनाने फाइल काढली, मापं सांगितली. पलीकडे टकटक झाली.

"बघा आता."

पानावर ताजी मापं आली होती. पट्टी हिरवीगार.

"माझ्याकडे चालतंय," कर्टिस म्हणाला. त्या धंद्यात या वाक्यावर पडदा पाडायची पद्धत आहे. रूनानेही पाडला. आभार मानले आणि चर्चच्या गायनाच्या सरावाला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कचेरीचं कुलूप काढून, कोट टांगून जेमतेम बसली होती, तोच बाल्डुर आत आला. बुटांवरचा बर्फ झटकायचंही भान त्याला नव्हतं. भुवया पांढऱ्या झालेल्या.

"कॉफी आहे का गं?"

"आत्ताच ठेवलीय. असा का दिसतोस?"

"रात्रभर दक्षिणेचं वारं होतं. दीपगृहाच्या पलीकडे भेग उघडलीय. भेग कसली, नदीच झालीय. काळं पाणी आणि वर वाफ. माझी गाडी मी वेळेवर थांबवली म्हणून आज तुझी कॉफी पितोय." तो खुर्चीत कोसळला. "आपल्या बाजूने रस्त्याच्या खुणेची झाडं आडवी टाकून आलो. पलीकडच्या बाजूला जाणार कसा? मध्ये पाणी. पण पानावर बंद टाकलंय, बाकी चिंता नाही."

रूनाने सवयीने पान उघडलं. पट्टी हिरवी होती.

तिने पान पुन्हा मागवलं. हिरवंच.

"बाल्डुर, तू नक्की बंदच टाकलंस ना?"

"म्हणजे? मी काय आज बर्फ बघतोय का पहिल्यांदा?"

"मशीन काय म्हणालं मग?"

"रोज म्हणतं तेच. 'आभारी आहोत, नोंद झाली.'" तो उठून तिच्या पाठीशी येऊन उभा राहिला. पडद्याकडे बघून त्याचा कप हातातच राहिला. "रूना, हे हिरवं का आहे?"

"बघतेय."

"आंब्रोज नवाच्या सुमाराला निघतो."

"माहितेय मला."

तिने स्वतः रकाने भरले, 'बंद' निवडलं, बटण दाबलं. पडद्यावर तिनेच कधीतरी मोठ्या हौसेने लिहिलेलं वाक्य उमटलं: आभारी आहोत, नोंद झाली. तिने पान मागवलं. कालची मापं, हिरवी पट्टी.

ते आभाराचं वाक्य तिनेच प्रोग्रामच्या शेवटी टाकलं होतं, आणि फाइलीत खरंच काही उतरलं की नाही हे प्रोग्रामने आधी तपासावं, असं तिने कुठेच लिहिलं नव्हतं. नटाने हातात तलवार नसतानाही म्यानातून उपसल्याचा आविर्भाव करावा आणि ठरलेलं वाक्य बोलून मोकळं व्हावं, तसा तो प्रोग्राम सकाळपासून येईल त्याचे आभार मानत होता.

"फोन कर," बाल्डुर म्हणाला.

कचेरीत दोन लाइनी होत्या, एकीवर कॉम्प्युटर, दुसरीवर फोन. बेटावरच्या दवाखान्याला मात्र एकच. नर्स जॅनिन रोज सकाळी त्याच लाइनीवर कॉम्प्युटर जोडून शहरातल्या इस्पितळाला रोग्यांची माहिती धाडत बसायची आणि मधूनमधून बर्फाचं पान बघायची. रूनाने नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. एंगेज.

त्यांना बर्फाचं पान दिसत होतं, म्हणूनच त्यांना फोन लागत नव्हता.

तिने आंब्रोजच्या घरी लावला. त्याच्या बायकोने, वर्नाने उचलला.

"तो मघाशीच गेला गं. फिलोमीन आजीला घेणार, मग तिच्या दिराला, मग दवाखान्यात. तिथे तुझं पान बघतो नि तसाच बर्फावर उतरतो. का गं?"

"वर्ना, पानावर विश्वास ठेवू नको. रस्ता बंद आहे. भेग उघडलीय. कुणालाही पाठव, पण त्याला थांबव."

वर्ना म्हणाली, "व्हॅन त्याच्याकडेच आहे. स्नोमोबिल गोठलीय. मी शेजाऱ्याला उठवते," आणि फोन तसाच लोंबकळत सोडून ती गेली असावी, कारण रूनाला दार आपटल्याचा आवाज आला.

शेजाऱ्यापासून दवाखाना बेटाच्या दुसऱ्या टोकाला. बाल्डुरने टोपी उचलली.

"मी भेगेपाशी जातो. माझ्या बॉम्बार्डियर गाडीचे दिवे लावून उभा राहतो. दिसला तर दिसला."

"अरे, बाहेर बघ. बर्फ नुसता उडतोय. तुला स्वतःचे हात तरी दिसतील का?"

"मग तुझ्यामागे उभा राहून काय करू? गाणं म्हणू?" तो दारापर्यंत गेला आणि वळला. "रूना, तुझं ते पान मला कळत नाही. पण आत्ता त्याला लाल कर. एवढंच कर."

दार लागलं. कचेरीत आता फक्त भिंतीतल्या हीटरची टिकटिक होती.

रूनाने सर्व्हरवरचा 'बर्फ' नावाचा फोल्डर उघडला. संपूर्ण वेबसाइटमध्ये तेवढाच तिच्या ताब्यात होता. गावाचं मुख्य पान, इतकंच काय तिने लिहिलेला प्रोग्रामसुद्धा विनिपेगच्या लोकांनी बसवलेला आणि त्यांनीच कुलपात ठेवलेला. सुरक्षिततेसाठी, असं ते म्हणत. फोल्डरमध्ये ती एकुलती एक फाइल होती. तिने फाइल उघडून, मजकूर बदलून परत चढवायचा प्रयत्न केला.

पडद्यावर उत्तर आलं: परवानगी नाही.

तिने चष्मा पुसला. पुन्हा केलं. परवानगी नाही. स्वतःच्याच घराच्या दारात तिला कुणीतरी नाव विचारत होतं.

सर्व्हरवरच्या प्रत्येक फाइलीला एक मालक असतो आणि तिच्यावर मुभा लिहिलेल्या असतात: मालकाने काय करावं, इतरांनी काय करावं. कुणी नुसतं वाचावं, कुणी लिहावंही. रूनाने मालकाच्या रकान्यात पाहिलं. तिथे रोज 'नोबडी' असं लिहिलेलं असे. वेबसाइटवर येणाऱ्याजाणाऱ्यांची कामं करणारा सर्व्हरचा तो हलका नोकर. बाल्डुर मापं भरायचा तेव्हा प्रोग्राम त्याच्याच नावाने चालायचा, त्याच्याच नावाने फाइलीत लिहायचा.

आज तिथे लिहिलं होतं 'रूट'. सगळ्या सर्व्हरचा धनी.

काल दुपार तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. तिने जुनी फाइल काढली. कर्टिसने धन्याच्या अधिकारात प्रोग्राम चालवला. प्रोग्रामला फाइल सापडली नाही, म्हणून त्याने नवी केली, आणि ती झाली धन्याच्या मालकीची. वाचायला सर्वांना मुभा, लिहायला फक्त धन्याला. म्हणून पान दिसत होतं. म्हणून कर्टिसकडे चालत होतं. आणि म्हणून आज पहाटे बाल्डुरची मापं घेऊन आलेला तो बिचारा हलका नोकर दारातूनच परतला होता, कुणाला काही न सांगता. ती आणि कर्टिस, दोघांनी मिळून पान बघितलं होतं. बाल्डुरच्या जागी बसून एकदा मापं भरून बघावी, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

तिने विनिपेगला फोन लावला. गाणं वाजू लागलं. रिसीव्हर खांद्याने कानाशी दाबून ती एका हाताने माऊस फिरवत राहिली. पानाला कोण कोण भेट देतंय ते बघायची एक सोय कंपनीने दिली होती. एरवी ती संध्याकाळी गंमत म्हणून बघायची, आज किती लोकांनी पाहिलं म्हणून. आत्ता तिने ती यादी पडद्याच्या कोपऱ्यात उघडून ठेवली. सरोवरावरच्या प्रत्येक ठिकाणाचा पत्ता तिला पाठ होता. एक्स्चेंजच्या बोर्डावर कुठल्या घराचा दिवा कुठे लागतो ते जसं पाठ होतं, तसा.

अजून बेटावरून कुणी आलेलं नव्हतं.

"कर्टिस बोलतोय."

"कर्टिस, मी सँडविकहून रूना. काल तू माझा प्रोग्राम चालवलास, ती फाइल रूटच्या नावावर झालीय. आत्ताच्या आत्ता तिचा मालक बदल."

"अच्छा, ते होतं कधीकधी. मॅडम, ती चावी माझ्याकडे नसते. काल साहेब इथे होते, त्यांनी त्यांच्या चावीने चालवू दिलं. ते आले की पहिलं तुमचं काम करतो."

"कधी येतात?"

"दहापर्यंत येतात. आज बर्फ पडतोय, जरा उशीर होईल."

"अरे, एक व्हॅन नऊ वाजता पाण्यात जाणार आहे."

तो हसला नाही, पण त्याला कळलंही नाही. "मॅडम, तुम्ही असं करा, त्या फाइलवर सगळ्यांना सगळ्या मुभा देऊन टाका. मुभांचा आकडा तीन वेळा सात. बऱ्याचदा त्याने होतं."

या धंद्यातली सगळ्यात जुनी मात्रा होती ती. रूनाने तीही उगाळून पाहिली. तीन वेळा सात. बटण. पडदा म्हणाला, तुम्हाला हे करता येणार नाही. साहजिकच होतं, जी फाइल आपली नाही तिच्या मुभा आपण कशा बदलणार?

"नाही होत."

"मग साहेबच लागतील. मी त्यांच्या घरी फोन लावतो," कर्टिस म्हणाला, आणि पुन्हा गाणं सुरू झालं.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या यादीत एक ओळ वाढली. रूनाने पत्ता वाचला.

पेलिकन बेट, दवाखाना.

बर्फाचं पान उघडलं होतं कुणीतरी. जॅनिनने की आंब्रोजने? यादीला माणसं कळत नाहीत. पण जो कुणी होता त्याने हिरवी पट्टी पाहिली होती, एवढं नक्की. फोन कर्टिसच्या गाण्यात अडकलेला होता, आणि पान उघडलंय म्हणजे दवाखाना अजूनही एंगेज. आंब्रोजची सवय तिला माहीत होती. जॅनिनने 'रस्ता खुला' म्हटलं तरी तो स्वतः आत येऊन पट्टी बघितल्याशिवाय बर्फावर चाक घालत नसे. बायकांचं ऐकून गाडी चालवली तर बुडालेला बाप मला सरोवराखालून शिव्या घालेल, असं तो हसत म्हणायचा. पण ही ओळ त्याचीच असेल तर? तर तो आता दार ओढून घेत असेल. फिलोमीन आजीच्या पायांवर घोंगडी नीट करत असेल.

ती पडद्याकडे बघत राहिली. फाइल, तिचा मालक, तिच्या मुभा. वाचा, लिहू नका. आणि वरती फोल्डरचं नाव, त्याच्या शेजारी फोल्डरचा मालक.

फोल्डरचा मालक: रूना.

ती हळूच पुढे झाली. वाचनालयातल्या त्या जाड पुस्तकात एक पान होतं. तेव्हा ते तिला विचित्र वाटलं होतं आणि म्हणूनच लक्षात राहिलं होतं. फाइलीतला मजकूर बदलायचा अधिकार फाइल देते. पण फाइल फोल्डरात राहील की जाईल, हे फाइलीच्या हातात नसतं. ते फोल्डर ठरवतो. पेटीला धन्याचं कुलूप असलं, तरी ज्या खोलीत ती ठेवलीय ती खोली रूनाची होती. पेटी उघडता येणार नव्हती. खोलीबाहेर ढकलता येणार होती. कालही तिने तेच केलं होतं, अगदी सहज, आणि आज भीतीने तिला ते आठवलं नव्हतं.

तिने फाइलीवर बोट ठेवलं आणि थांबली.

फाइल गेली की पान कोरं होईल. बाल्डुरची मापं पुन्हा भरेपर्यंत पानावर काहीच नसेल. कोरं पान दिसलं की बेटावरची माणसं काय करतात ते तिला ठाऊक होतं. मशीन बिघडलं म्हणतात आणि कालच्या आठवणीवर निघतात. आणि नवी फाइल झालीच नाही, तर मग हिरवंही नाही, लालही नाही, आणि तिच्या हातात काहीच नाही.

गाणं वाजतच होतं. तिने रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि फाइल काढून टाकली.

पडदा म्हणाला: काढली.

रूनाने रकाने उघडले. बाल्डुरचे शब्द तिच्या कानात होते. दीपगृहाच्या पुढे उघडं पाणी. ते लिहिताना तिचं एक अक्षर चुकलं, तिने ते तसंच राहू दिलं. बंद. बटण.

आभारी आहोत, नोंद झाली.

"तुझे आभार नकोत मला," रूना पडद्याला म्हणाली आणि पान मागवलं.

पान उघडायला वेळ लागला. आधी गावाचं नाव आलं, मग नकाशा आला, आणि मग वरून खाली रंग उतरत आला. लाल.

तिने फोल्डरमध्ये जाऊन मालक पाहिला. नोबडी. नोकर आपल्या जागेवर परतला होता. तिने पान पुन्हा मागवलं, केवळ खात्रीसाठी. लालच.

आता तिच्या हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ही वेळ सर्वांत वाईट. काम चालू असतं तोवर माणूस भीतीच्या पुढे धावत असतो. थांबला की ती गाठते. रूना कोपऱ्यातल्या यादीकडे बघत बसली. सँडविकमधल्या शाळेने पान पाहिलं. मासळीच्या शेडमधून कुणीतरी पाहिलं. बेटावरून मात्र कुणी नाही. घड्याळात नऊ वाजून गेले होते. तिने कर्टिसचा फोन ठेवून दवाखाना फिरवला, एंगेज. वर्नाच्या घरी फिरवला, तोही एंगेज, रिसीव्हर अजून लोंबकळतच असणार. खिडकीबाहेर वारं बर्फाचे पडदे एकामागून एक ओढत होतं आणि सरोवर असं काही तिथे नव्हतंच. त्या पांढऱ्या पडद्यामागे कुठेतरी बाल्डुर दिवे लावून उभा होता. आणि कदाचित पलीकडून कुणीतरी त्याच्याकडे येत होतं, त्याला न दिसता.

एक्स्चेंजवर असताना ती ओळखीच्या घरांचे दिवे लागायची वाट बघायची. बाळंतिणीच्या घरचा, आजाऱ्याच्या घरचा. तेव्हाही तिला दिवा लावता येत नसे. फक्त लागल्यावर उत्तर देता येत असे.

यादीत एक ओळ वाढली.

पेलिकन बेट, दवाखाना. बर्फाचं पान.

मग टेबलावरच्या फोनची घंटा घणघणली.

"बोला," ती म्हणाली. आवाज तिचा नव्हता.

"रूना, जॅनिन बोलतेय. कॉम्प्युटर बंद करून फोन करतेय तुला. मघाशी मी बघितलं तेव्हा हिरवं होतं, आणि आत्ता आंब्रोज येऊन बघतो तर लाल. तो म्हणतोय रूनाने चुकून वेगळं बटण दाबलं असेल. रस्ता खुला आहे ना?"

"त्याला फोन दे."

खरखर झाली. आंब्रोज आला. मागे व्हॅनचं इंजिन घरघरत होतं.

"काय गं रूना, सकाळी सकाळी रंगांचा खेळ लावलायस का? आजी गाडीत बसून मला शिव्या देतेय."

"आंब्रोज, इंजिन बंद कर. दीपगृहाच्या पलीकडे उघडं पाणी आहे. बाल्डुरने पहाटेच बघितलं. पानावरची हिरवी पट्टी खोटी होती. कालपासून बिघडलं होतं ते, आणि मला कळलं नाही. माझी चूक आहे."

पलीकडे रिसीव्हर टेबलावर पडला, दार वाजलं. मग इंजिन थांबलं.

"मी आजीला गाडीत चढवत होतो," आंब्रोज परत येऊन म्हणाला. त्याच्या आवाजातली थट्टा गेली होती. "तिचा बूट निसटला, म्हणून थांबलो. नाहीतर मीच मघाशी आत आलो असतो. हिरवं बघून गेलो असतो."

रूनाने पडद्यावरची लाल पट्टी पुन्हा एकदा पाहिली.

"बरं," तो म्हणाला. "आता आजीला कसं न्यायचं ते सांग. तिला उद्यापर्यंत ठेवलं तर पाय सुजतील तिचे."

प्रश्न कामाचा होता, म्हणून रूना सावरली. तिने शहरात हेलिकॉप्टरसाठी फोन केला, पुन्हा केला, चढ्या आवाजात केला. दुपारी वारं पडलं आणि बेटावर हेलिकॉप्टर उतरलं. फिलोमीन आजी म्हणाली म्हणे की रूना आपल्याला राणीसारखं नेते, रोजच भेग पडू दे. दरम्यान वर्नाच्या शेजाऱ्याने आंब्रोजला दवाखान्याच्या अंगणात गाठून, त्याला काहीच माहीत नसल्यासारखं, सगळं पुन्हा ओरडून सांगितलं होतं. बाल्डुर संध्याकाळी बर्फावरून परतला. रूनाने त्याच्यासमोर लोणी लावलेली सुकी मासळी ठेवली आणि घडलेलं सगळं सांगितलं. कर्टिसचं, रूटचं, आभाराच्या वाक्याचं.

बाल्डुरने मासळीचा तुकडा बराच वेळ चघळला.

"म्हणजे मशीनने माझे आभार मानले आणि माझं काही ऐकलंच नाही?"

"हो."

"बायको अशीच करायची," तो म्हणाला आणि आणखी लोणी मागितलं.

पुढच्या आठवड्यात रूना आपल्या प्रोग्रामकडे परत वळली. आता तो आधी फाइलीत लिहायचा, मग तीच फाइल उघडून वाचायचा, आणि आपण लिहिलेलंच तिथे दिसलं तरच आभार मानायचा. नाहीतर मोठ्या अक्षरांत सांगायचा, नोंद झाली नाही, रूनाला फोन करा. दुसरी गोष्ट तिने अशी केली की आज सकाळची मापं आलेली नसतील, तर पट्टी कालची हिरवी असो वा नसो, आपोआप लाल व्हायची. कर्टिसने तो नवा प्रोग्राम बसवला आणि या वेळी तिने सांगितल्याप्रमाणे नोबडीच्या नावाने चालवून दाखवला. "आता तुमच्याकडे चालतंय का मॅडम, ते सांगा," असंही तो म्हणाला, आणि तेवढं तरी तो शिकला होता.

ही नवी पद्धत लोकांना आवडली असं मात्र कुणी समजू नये. मार्चमध्ये एका सकाळी ऊन लख्ख पडलं होतं, बर्फ दगडासारखा घट्ट होता, आणि कचेरीत फोन वाजला.

"रूना, पान लाल का आहे?" आंब्रोज होता. "आकाश निळं, वारं नाही. आजी बसून उकळतेय गाडीत."

"मापं आली नाहीत अजून."

"बाल्डुर झोपला असेल. काल त्याच्या नातवाचं लग्न होतं. अगं, सगळ्या बेटाला माहितेय बर्फ चांगला आहे. तू हिरवं कर."

"नाही करणार."

"तुझ्या हातात आहे ना?"

"आहे," रूना म्हणाली. "म्हणूनच नाही करणार. आजीला आत ने आणि चहा दे. मी बाल्डुरला उठवते."

तिने फोन ठेवला आणि लगेच दुसरा नंबर फिरवला. बराच वेळ घंटा वाजत राहिली. मग पलीकडे कुणीतरी रिसीव्हर पाडला, उचलला, आणि घोगऱ्या आवाजात काहीतरी पुटपुटलं.

"बोला," रूना खालच्या, ठाम पट्टीत म्हणाली. "बर्फ कसा आहे?"